महाविद्यालयीन तरुण आणि व्यायामाची सवय

(पनवेल तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्यांच्या चरित्रातील एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दिवसभर कचेरीत बसून आकडेमोड करायची, असे ते काम. हा कारकून नोकरी सांभाळून लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात असे आणि तेथे त्याने कुस्ती व दांडपट्ट्याची विद्या संपादन केली. पुढे जे घडले तो इतिहास आहे आणि तो माझा आजचा विषय नव्हे. बैठे काम करणाऱ्या एका सुशिक्षित तरुणास तालमीत जाणे ही आपल्या दिवसाची स्वाभाविक गोष्ट वाटत होती, एवढेच मला आपल्या नजरेस आणून द्यावयाचे आहे.

आज त्याच शिरढोणच्या परिसरातून, तसेच पेण, उरण, कर्जत, खालापूर या बाजूंनी, शेकडो मुले-मुली एस.टी.ने, रेल्वेने आणि आता बहुतेक दुचाकीने पनवेलच्या महाविद्यालयांत येतात. त्यांना व्यायामाविषयी विचारले असता जी उत्तरे मिळतात ती इतकी ठराविक असतात की, विद्यार्थी तोंड उघडण्यापूर्वीच ती मला सांगता येतील. "सर, वेळच मिळत नाही." "सर, मी कुठे जाड आहे?" "सर, मी खेळाडू नाही." आणि क्वचित, काहीशा अभिमानाने, "सर, मी जिम लावली आहे." ही चारही उत्तरे विद्यार्थी प्रामाणिकपणे देतात. माझ्या मते चारही चुकीची आहेत आणि त्यांची चूक कोठे आहे, हे पाहण्यासाठीच आपण येथे जमलो आहोत.

अंगमेहनत गेली

प्रथम आपल्या तालुक्याकडे पाहू. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, त्या काळचे पनवेल हे बंदराचे आणि बाजारपेठेचे गाव होते. भोवतालच्या गावांत भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे तीन उद्योग चालत. चिखलणी, लावणी, मळणी, मिठाच्या पाट्या वाहणे, होडी ओढणे यांतील एकही काम बसून होण्यासारखे नव्हते. त्या पिढीस व्यायाम करा असे सांगणे हास्यास्पद ठरले असते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी जमिनी संपादन झाल्या, शेते आणि मिठागरे गेली. १९८४ साली या जमिनींच्या प्रश्नावर येथील शेतकऱ्यांनी रक्त सांडले, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातील स्मरण आहे. १९९८ साली उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०२५ च्या अखेरीस येथील विमानतळावरून विमानेही उडू लागली.

या बदलाने सुबत्ता आली आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. कोणाच्याही मुलाने पुन्हा मिठाच्या पाट्या वाहाव्यात असे मी म्हणणार नाही. परंतु एका पिढीच्या अवधीत अंगमेहनत घरातून निघून गेली आणि तिची जागा घेण्यास व्यायाम आला नाही. आजोबांची भूक मात्र नातवाच्या ताटात तशीच राहिली. ज्या घरी आजोबा पहाटे बांधावर जात, त्या घरचा नातू नाक्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी काढतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यात मुलाचे कौतुक वाटते. कष्ट करावे न लागणे हीच प्रतिष्ठा, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत शाळेत तयार होत नाही. ती ओटीवर तयार होते, हे मला पालकांच्या वतीने कबूल केले पाहिजे, कारण मीही पालक आहे.

ही केवळ पनवेलची गोष्ट आहे असे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मधुमेहाच्या अभ्यासासाठी जी मोठी पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पाहणीतील ५४.४ टक्के प्रौढ शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. शहरी भागात हे प्रमाण अधिक असावे हे ओघानेच आले, पण ग्रामीण भागातही निम्मे लोक निष्क्रिय निघाले, ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. करमणूक किंवा हौस म्हणून, म्हणजे खेळ, पोहणे, फिरणे अशा रूपाने, काही हालचाल करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जगातील बहुतेक देशांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. तीनुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ साली ४९ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के आहे. स्त्रियांच्या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

"मी कुठे जाड आहे?"

आता विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या उत्तराकडे वळतो, कारण ते सर्वांत फसवे आहे. आपल्याकडे व्यायामाचा संबंध लठ्ठपणाशी जोडला गेला आहे. जाड माणसाने व्यायाम करावा, बारीक माणसास त्याची गरज नाही, असे सर्रास समजले जाते. कोकणातील आपली मुले बहुधा अंगाने सडपातळ असल्यामुळे हा समज येथे अधिकच घट्ट आहे.

या बाबतीत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावे असे आहे. २००४ साली त्यांनी व लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ इतका होता. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच प्रकृतिवान. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांच्या अभ्यासावरून डॉ. याज्ञिक यांनी असेही दाखविले की, आपली बालके वजनाने कमी भरतात, तरी त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते. वरून बारीक, आतून मेदयुक्त, अशी ही शरीररचना आहे आणि मधुमेहास ती लवकर बळी पडते.

म्हणून जो सडपातळ विद्यार्थी आरशात पाहून निश्चिंत होतो, त्याला कोणीतरी हे समजावून सांगितले पाहिजे. व्यायामाने वजन घटते किंवा नाही हा प्रश्न त्याच्यासाठी गौणच आहे. स्नायू वाढणे, रक्तातील साखरेचा स्नायूंनी उपयोग करणे, हृदयाची क्षमता वाढणे हे लाभ वजनाचा काटा दाखवीत नाही. मी वर्गात हा दोन डॉक्टरांचा किस्सा सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. उपदेशाने जे होत नाही ते एका मापाने होते, असा माझा अनुभव आहे.

खेळाडूचे पुढे काय होते

तिसरे उत्तर, "मी खेळाडू नाही." येथे दोष विद्यार्थ्यांकडे कमी आणि आम्हा संस्थाचालक व शिक्षकांकडे अधिक येतो. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण म्हणजे संघ निवडणे, संघ विद्यापीठाच्या स्पर्धेस पाठविणे आणि चषक आणून प्राचार्यांच्या दालनातील कपाटात ठेवणे, असा आमचा व्यवहार झाला आहे. जिमखान्याची फी सर्व विद्यार्थी भरतात. मैदानावर उतरतात ते निवडलेले. शेकडोंच्या फीवर मूठभरांचा सराव चालतो आणि उरलेल्यांना प्रेक्षक होण्याची सवय लागते. आपल्या रायगड जिल्ह्यात हे चित्र अधिकच ठळक आहे. कबड्डीचे वेड येथे घरोघरी आहे, गावोगावी संघ आहेत, रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामने चालतात. टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना तर मोठमोठी बक्षिसे लावलेली असतात. या सामन्यांभोवती उभ्या असलेल्या गर्दीतील तरुणांना, तुम्ही स्वतः शेवटचे कधी खेळलात, असे एकदा विचारून पाहावे. बहुतेकांना आठवीतील वर्ष आठवते.

आणि खेळाडूचे तरी काय? माझ्या पाहण्यातला एक विद्यार्थी कबड्डीत चढाई करणारा म्हणून नावाजलेला होता. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळला, त्या जोरावर त्याला नोकरीही लागली. दहा-बारा वर्षांनी तो कसल्याशा दाखल्यासाठी महाविद्यालयात आला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयापर्यंत चढताना मधल्या वळणावर थांबला आणि कठडा धरून उभा राहिला. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे त्यानेच सांगितले. "सर, सामने बंद झाले तसा सरावही बंद झाला," हे त्याचे वाक्य. त्याला आम्ही चढाई शिकविली, पकड शिकविली, परंतु सामने संपल्यावर शरीराचे काय करायचे हे कोणी शिकविले नव्हते. त्या कोणीमध्ये मी होतो.

या अनुभवास एका जुन्या आणि प्रसिद्ध अभ्यासाची पुष्टी आहे. अमेरिकेतील डॉ. राल्फ पॅफेनबार्जर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांच्या प्रकृतीचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेत विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांना पुढील आयुष्यात हृदयविकारापासून आपोआप संरक्षण मिळते काय, हा एक प्रश्न त्यात होता. उत्तर असे आले की, ज्यांनी पदवीनंतरही शरीर हालते ठेवले त्यांनाच ते मिळाले. खेळ सोडून बसलेल्या माजी खेळाडूंचा लाभ टिकला नाही. उलट विद्यार्थिदशेत मैदानाकडे न फिरकलेले, पण पुढे नियमाने चालणारे, जिने चढणारे, खेळणारे लोक त्यांच्यापेक्षा सुरक्षित निघाले. मैदानावरील पराक्रम बँकेतील ठेवीसारखा व्याज देत राहत नाही. तो रोजच्या मजुरीसारखा आहे, आज केले तर आज मिळते.

या अभ्यासाच्याही आधी, १९५३ साली, लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी बसच्या चालकांची व वाहकांची तुलना केली होती. तेथील बस दुमजली. चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. एकाच आगारातील, एकाच राहणीची ही माणसे, पण हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये स्पष्टपणे अधिक आढळले. वाहकांपैकी कोणीही व्यायाम करतो असे म्हणत नव्हता. पनवेलचे एस.टी. स्थानक आपण सर्व रोज पाहतो, म्हणून हे उदाहरण मला सांगावेसे वाटते. व्यायाम म्हणजे दंड-बैठका किंवा लोखंडी वजनेच असली पाहिजेत असे नाही, हे त्यातून निष्पन्न होते आणि "वेळ नाही" या पहिल्या उत्तरालाही त्यातच उत्तर आहे.

वेळेचा हिशेब एकदा मांडूनच टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम घ्यावा. भरभर चालणे ही मध्यम हालचाल होय. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास, एवढीच ही गोष्ट आहे. परंतु ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी तीच संघटना दररोज सरासरी ६० मिनिटे सांगते. अकरावी-बारावीचे आपले विद्यार्थी याच वयात मोडतात. म्हणजे ज्या दोन वर्षांत शरीरास सर्वांत जास्त हालचाल हवी, नेमकी तीच दोन वर्षे आपण शिकवणी वर्गांच्या हवाली केली आहेत. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय या इयत्तांच्या अभ्यासक्रमात आहे, त्याला श्रेणीही मिळते. ती श्रेणी किती ठिकाणी मैदानावर मिळते आणि किती ठिकाणी टेबलावर, हे या सभागृहातील शिक्षकांना मी सांगण्याची गरज नाही.

मुलींचा प्रश्न

आता मघाच्या आकड्याकडे येतो. पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ५७, हा फरक आळसामुळे पडलेला नाही. आपल्या महाविद्यालयांतील खेड्यापाड्यांतून येणारी मुलगी पहाटे उठून पाणी भरते, डबा करते, सकाळची गाडी गाठते आणि परत गेल्यावर पुन्हा चुलीपुढे उभी राहते. तिच्या घरी कोणालाही विचारा, ती दिवसभर राबते असेच उत्तर येईल. ते खरेही आहे. परंतु या राबण्याने दमणूक होते, दम वाढत नाही, आणि ज्या मोकळ्या हालचालीने मन उल्हसित होते ती तिच्या वाट्याला येत नाही.

एका विद्यार्थिनीने पोलीस भरतीची तयारी करण्याचे मनावर घेतले. मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. गावात मैदान नाही, म्हणून ती पहाटे रस्त्याच्या कडेने धावू लागली. चार दिवसांत कोणीतरी तिच्या वडिलांना टोकले, आठव्या दिवशी दुचाकीवरच्या टोळक्याने पाठलाग केला आणि धावणे थांबले. मी ऐकले तेव्हा मला वाटले, एक मुलगी गेली. परंतु पंधरा दिवसांनी ती पुन्हा धावताना दिसली. तिची आई बरोबर येऊ लागली होती. आई पदर खोचून चालत असे आणि मुलगी पुढे धावून पुन्हा आईपर्यंत मागे येत असे. काही दिवसांनी शेजारची एक सून आईबरोबर चालू लागली, मग आणखी दोघी. मुलीची भरतीत निवड झाली नाही. पण त्या बायकांचे चालणे सुरू राहिले. गुडघे दुखायचे कमी झाले, असे त्यांतील एकीने मला सांगितले. हे घडविण्यात महाविद्यालयाचा, पंचायतीचा किंवा माझा काडीचाही हातभार नव्हता, ही शरमेची गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे.

पोलीस भरती, सैन्यभरती यांच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ तरुण पहाटे धावतात. त्यांचे मला कौतुक आहे. त्यात एकच उणीव दिसते, निकाल लागला की दुसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात जातात. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचेही तसेच. लाभ हातात पडेपर्यंत खेळ आणि नंतर रामराम. शासनाने सवलती चांगल्या हेतूने दिल्या आहेत, परंतु सवलतीसाठी लागलेली सवय सवलतीबरोबर संपते, हेही दिसते.

तालीम आणि जिम

चौथे उत्तर, "जिम लावली आहे." पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली या भागांत गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. तरुण तेथे जातात हे चांगलेच आहे, ती टवाळीची बाब नाही. काही जुन्या मंडळींना तेथील आरसे आणि गाणी खटकतात. मला ती खटकत नाहीत. मला खटकते ती घाई. तीन महिन्यांत दंड फुगले पाहिजेत, लग्नसराईपूर्वी छाती दिसली पाहिजे, अशी मागणी असते आणि मग कोणीतरी पावडरचा डबा पुढे करतो. डबा एकवेळ परवडला, त्यापुढे इंजेक्शनापर्यंत मजल जाते. संप्रेरकांची अशी औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून घेतल्याने यकृत, हृदय व जननक्षमता यांना धोका पोहोचतो, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. संकोचाने हा विषय आम्ही टाळतो आणि तो शिकविण्याचे काम मग पावडर विकणारा करतो.

जुन्या तालमीत वस्ताद असे. शरीर किती दिवसांत तयार होईल हे विचारण्याची शिष्याची प्राज्ञा नसे. तालमीचे गोडवे गाताना मी तिच्या मर्यादा विसरत नाही. तिथे मुलींना प्रवेश नव्हता आणि कित्येक ठिकाणी जातीच्या भिंतीही होत्या. म्हणूनच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे कार्य मला मोलाचे वाटते. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या त्या आखाड्याचे पुढे शिक्षणसंस्थेत रूपांतर झाले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके जगापुढे केली. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत उपकरणे लावून तपासला. त्यांच्याच अध्यक्षतेखाली तत्कालीन मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाविषयी समिती नेमली आणि १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. एवढा जुना आणि डोळस वारसा असलेल्या राज्यात, २१ जूनला सतरंजीवर छायाचित्रापुरते बसणे आणि २२ जूनला सतरंज्या गुंडाळून ठेवणे आपल्याला शोभत नाही.

आपल्या हाती काय आहे

मोठ्या योजना मी सुचविणार नाही. क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास यांसाठी राज्य शासनाच्या अनुदान योजना आहेत. त्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते आणि पंचायत सदस्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र साहित्य बसवून झाल्यावर ते कोण वंगण घालून ठेवणार, याचा ठराव त्याच सभेत करावा. खुल्या व्यायामशाळांतील गंजलेली, एका बाजूस कललेली यंत्रे मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की, नवीन यंत्रांपेक्षा साधी, सपाट, दिवा असलेली धावपट्टी मागावी असा माझा आग्रह आहे. पाचशे पावले चालता येईल अशी जागा आणि एक दिवा. गावातील मुलींच्या दृष्टीने तो दिवा सर्वांत महत्त्वाचा.

महाविद्यालयांच्या बाबतीत, नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात योग, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना अशा सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी आहे आणि धोकाही आहे. श्रेयांकासाठी व्यायामावर वीस पानी प्रकल्प लिहून घेतला गेला, तर विद्यार्थी आणखी बैठा होईल. मूल्यमापन करावयाचेच असेल तर विद्यार्थ्याची त्याच्या स्वतःशीच तुलना करावी. जुलैमध्ये तो बारा मिनिटांत किती अंतर जाऊ शकत होता आणि फेब्रुवारीत किती जातो, एवढे नोंदवावे. यात जाड, बारीक, खेळाडू, बिनखेळाडू, मुलगा, मुलगी असा भेद उरत नाही. ज्याला धावता येत नाही त्याने चालावे. हा प्रयोग आम्ही लहान प्रमाणावर करून पाहिला आहे. पहिल्या महिन्यात मुले हसतात. तिसऱ्या महिन्यात स्वतःचा आकडा विचारायला येतात.

कर्नाळ्याचा किल्ला आपल्या दारात आहे. वर्षातून एकदा सहल म्हणून बसने पायथ्याशी जाण्याऐवजी, महिन्यातून एकदा एखाद्या वर्गाने तो चढावा. अभयारण्याचे नियम पाळून, पक्षी पाहत, न ओरडता. पहिल्या चढाईत कोण कोठे बसला, हे विद्यार्थी कधी विसरत नाहीत.

आणि शेवटी मैदानाच्या कुलपाविषयी. पुष्कळ शाळा-महाविद्यालयांची मैदाने सायंकाळी पाचला बंद होतात, कारण शिपायाची वेळ संपते. गावातील मुले मग रस्त्यावर खेळतात. अडचणी मला माहीत आहेत. मोडतोड होते, दारूच्या बाटल्या सापडतात, जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो. तरीही शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून, सायंकाळी पाच ते सात किल्ली कोणाकडे राहील त्याचे नाव ठरवावे, अशी माझी विनंती आहे. किल्ली एखाद्या माजी खेळाडूकडे दिली तर त्यालाही मैदानावर येण्याचे निमित्त होईल. मघाशी ज्या कबड्डीपटूची गोष्ट सांगितली, त्याच्याकडे त्याच्या गावच्या शाळेने अशी किल्ली दिली आहे. गेल्या खेपेस भेटला तेव्हा गोळी अजून चालू होती, पण डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली होती. आपण आता काही विचारावयाचे असल्यास विचारावे, मी यथामती उत्तर देईन.